‘स्नार्क’चा ताळेबंद

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एक खोड असते. कोणाचेही चरित्र हाती आले की आम्ही त्यात जमा आणि नावे शोधू लागतो. अमेरिकन लेखक जॅक लंडन याची एक गोष्ट वाचून आवडली, म्हणून ग्रंथालयातून त्याचे चरित्र आणि ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ हे त्याचे प्रवासवर्णन मी घरी आणले. मी जन्मात समुद्र तीनदाच पाहिला आहे, तोही वेंगुर्ल्याच्या वाळूत उभा राहून. तरीही हे पुस्तक मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी वही ठेवली आणि आकडे टिपत गेलो. ते का, हे शेवटी सांगेन.

जॅक लंडनचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. कोवळ्या वयात त्याला डबाबंद अन्नाच्या कारखान्यात राबावे लागले. तेथून सुटण्यासाठी पंधराव्या वर्षी त्याने एक लहान शिडाची होडी विकत घेतली. तिचे भांडवल होते तीनशे डॉलर, आणि ते कर्जाऊ दिले होते जेनी प्रेंटिस हिने. जेनी ही गुलामगिरीत जन्मलेली, लहानपणी त्याला अंगावर पाजून वाढवणारी दाई. या होडीतून त्याने जो धंदा केला तो मात्र सांगण्यासारखा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात लोकांनी राखलेले कालवे रात्री चोरायचे आणि सकाळी बाजारात विकायचे! पुढे अशाच चोरांना पकडणाऱ्या गस्ती पथकात तो सामील झाला.

सतराव्या वर्षी सीलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर खलाशी होऊन तो जपानच्या समुद्रापर्यंत गेला. परत आल्यावर तेथल्या वादळाचे वर्णन लिहून एका वृत्तपत्राच्या स्पर्धेत त्याने पंचवीस डॉलरचे पहिले बक्षीस मिळवले. १८९४ साली तो देशभर भटकला आणि भटकेपणाच्या गुन्ह्याखाली तीस दिवस तुरुंगातही राहिला. पुढे विद्यापीठात नाव घातले, पण शिक्षण अर्धवट सुटले. १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात तो क्लोंडाइकच्या बर्फात गेला. सोने जवळजवळ मिळालेच नाही. मिळाला स्कर्व्हीचा आजार आणि गोष्टींचा न संपणारा साठा. त्याच साठ्यातून १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी आली आणि तो जगप्रसिद्ध झाला. या पुस्तकाचे सर्व हक्क त्याने प्रकाशकाला दोन हजार डॉलरला एकरकमी विकून टाकले होते. पुस्तकाच्या असंख्य प्रती खपल्या. आमच्या सरांना हे उदाहरण सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

व्यवहारात कच्चा असलेला हा माणूस संसारातही सरळ वाटेने गेला नाही. १९०० साली झालेले पहिले लग्न दोन लहान मुली असतानाही मोडले. १९०५ च्या नोव्हेंबरात त्याने चार्मियन किट्रेज हिच्याशी दुसरे लग्न केले. ती त्याच्याहून सुमारे चार वर्षांनी मोठी, टंकलेखन करून स्वतःचे पोट भरणारी, घोड्यावर मांड ठोकून बसणारी बाई होती. जोशुआ स्लोकम नावाच्या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. ते वर्णन वाचून नवराबायकोने ठरवले की आपणही एक गलबत बांधायचे, त्यातच राहायचे आणि सात वर्षे जग पाहत फिरायचे. गलबताला नाव दिले ‘स्नार्क’.

येथून माझी वही भरू लागली. स्लोकमने आपली नौका स्वतःच्या हातांनी उभी केली होती, साहित्याला सुमारे साडेपाचशे डॉलर लागले होते. लंडनचे अंदाजपत्रक होते सात हजारांचे. प्रत्यक्षात खर्च आला सुमारे तीस हजार! १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले; मजूर आणि सामान यांचे भाव कडाडले. निघण्याच्या वेळी एका धनकोने गलबतावर जप्ती आणली. अखेर २३ एप्रिल १९०७ रोजी ‘स्नार्क’ निघाले ते गळतच. सत्तर अश्वशक्तीचे इंजिन मोडून पडले होते. ते हवाईपर्यंत केवळ एक वजन म्हणून गेले. मार्ग काढण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या चार्मियनच्या मावशीच्या यजमानांना ती विद्याच अवगत नव्हती. तेव्हा लंडनने भर समुद्रात पुस्तके उघडली, सूर्याची उंची मोजायला तो शिकला, आणि सत्तावीस दिवसांनी त्याने गलबत हवाई बेटांना लावले.

हवाईत त्याने लाटांवर फळी घेऊन तरंगण्याचा खेळ शिकून घेतला आणि उन्हाने अंग सोलवटून घेतले. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती मोलोकाई बेटाची भेट. तेथे कुष्ठरोग्यांना समाजापासून तोडून ठेवलेले होते. पतिपत्नी त्यांच्यात राहिली, चार जुलैच्या सणाला त्यांच्या घोड्यांच्या शर्यती पाहिल्या, आणि ही माणसे आपल्यासारखीच हसतात-खेळतात हे लंडनने जगाला लेख लिहून सांगितले. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा तसे औषध नव्हते, भीती मात्र भरपूर होती.

पुढचा टप्पा मार्केसास बेटांचा. शिडाच्या जहाजाला हा मार्ग जवळजवळ अशक्य, असे जाणते खलाशी मानत. वाटेत पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा गळून गेला आणि पाऊस आला म्हणून सारे वाचले. साठ दिवसांनी, १९०७ च्या डिसेंबरात, नुकू हिवा बेट दिसले. लहानपणी हर्मन मेलव्हिल याच्या पुस्तकात वाचलेली टायपीची दरी लंडनला पाहायची होती. मेलव्हिलला १८४२ मध्ये तेथे धडधाकट, देखणी माणसे भेटली होती. लंडनला दिसली ती ओसाड जोती आणि क्षयाने खोकणारे मूठभर लोक. बाहेरच्या गोऱ्या लोकांनी आणलेल्या रोगांनी दरी रिकामी केली होती.

ताहितीला पोचल्यावर कळले की ‘स्नार्क’ बुडाले अशी बातमी अमेरिकेत पसरली आहे आणि घरचा आर्थिक व्यवहार विस्कटला आहे. दोघे आगबोटीने घरी गेली, घडी बसवली आणि परत गलबतावर आली. या सगळ्या धबडग्यात लंडन रोज सुमारे हजार शब्द लिहीत होता. ‘मार्टिन ईडन’ ही त्याची कादंबरी याच सफरीत लिहून झाली.

सामोआ, फिजी करीत १९०८ च्या मध्यास ती सॉलोमन बेटांत पोचली. तेथे मळ्यांसाठी मजूर भरती करणाऱ्या एका जहाजातून ती दोघे मलाइता बेटाकडे गेली. त्या जहाजाच्या आधीच्या कप्तानाला काही महिन्यांपूर्वीच तेथील लोकांनी ठार केले होते. ते जहाज प्रवाळखडकावर चढले आणि तीन दिवस अडकून पडले. लंडनने या प्रसंगाचे थरारक वर्णन केले आहे. पण बेटावरचे लोक का संतापले होते, त्यांची तरुण मुले कशी नेली जात होती, याकडे पाहताना त्याची लेखणी तोकडी पडते. मोलोकाईच्या रोग्यांना माणूस म्हणून पाहणारा हा लेखक काळ्या माणसांविषयी पुष्कळदा गोऱ्याच्या अहंकाराने लिहितो. समाजवादी म्हणवणाऱ्याच्या खतावणीतली ही मोठी चूक आहे आणि ती झाकून चरित्र लिहू नये.

त्या बेटांवर मलेरियाने आणि चिघळणाऱ्या व्रणांनी सर्वांना गाठले. लंडन त्या व्रणांवर पाऱ्याचे जहाल औषध लावी. त्याचे हात सुजले, कातडीचे पापुद्रे सुटू लागले. १९०८ च्या नोव्हेंबरात सिडनीच्या रुग्णालयात त्याच्यावर भगेंद्राची शस्त्रक्रिया झाली, पण हातांच्या रोगाचे निदान डॉक्टरांना होईना. सात वर्षांची सफर दोन वर्षेही पुरी न होता संपली. गलबत खर्चाच्या मानाने क्षुल्लक किमतीला विकले गेले. १९०९ च्या जुलैत दोघे घरी परतली.

पुढे लंडनने कॅलिफोर्नियातील ग्लेन एलन येथे शेतीत जीव ओतला. १९१० मध्ये त्यांची तान्ही मुलगी दगावली. १९१३ मध्ये दगड-लाकडाचे नवे प्रशस्त घर राहायला जाण्यापूर्वीच जळून गेले. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले. चार्मियन १९५५ पर्यंत जगली. दोघांच्या अस्थी ग्लेन एलनच्या टेकडीवर एकाच मोठ्या दगडाखाली आहेत.

आता वहीबद्दल. माझ्या दादाने चार वर्षांपूर्वी उद्यमबागेतली नोकरी सोडून एक लेथ घेऊन स्वतःचे वर्कशॉप काढले होते. ते चौदा महिन्यांत बंद पडले. त्याचा हिशेब बाबांनी माझ्याकडून लिहून घेतला, कारण घरात वाणिज्य शिकणारा मीच. मी मोठ्या ऐटीत तेरीज जुळवली आणि खाली तोटा लिहिला. तेव्हापासून आमच्या घरी दादाविषयी बोलताना तोच आकडा बोलतो.

‘स्नार्क’चा ताळेबंदही मी तसाच मांडायला बसलो. नावेच्या नावे तीस हजार पडले, हे सोपे होते. मग प्रश्न आला, चार्मियनचे काय? लंडनची हस्तलिखिते तिने टंकलिखित केली, वादळात सुकाणूवर पाळी केली, स्वतः तापलेली असताना इतरांची शुश्रूषा केली, आणि रोज टिपण ठेवून १९१५ मध्ये ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ हे स्वतःचे पुस्तक काढले. तिचा पगार कुठल्याच पानावर नाही. हे मी कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला सांगितले, तेव्हा तो चटकन म्हणाला, ‘आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल.’ म्हणजे खेळात आहे, पण मोजणीत नाही. आपल्याकडे लहान मुलांच्या खेळात ‘लिंबूटिंबू’ असतो तसे.

त्या रात्री मी दादाच्या वर्कशॉपची जुनी वही काढली. ड्रिलिंग मशीनवर दुपारभर उभी राहणारी वहिनी तिच्यात कुठेच नव्हती. भांडवलात ‘घरून’ म्हणून एक रक्कम होती. ती वहिनीच्या पाटल्यांची, हे मला माहीत होते, तरी मी तसे लिहिले नव्हते. तोट्याचा आकडा मी खोडला नाही. तो खरा आहे. ‘घरून’ हा शब्द तेवढा खोडला आणि तेथे वहिनीचे नाव लिहिले. सकाळी वही बाबांच्या पुढे ठेवली. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले, चष्मा काढला आणि दादाला चहाला हाक मारली.

लेथ अजून विकलेला नाही. ताडपत्री घालून मागच्या पडवीत ठेवला आहे.