पगारातून कापल्या जाणाऱ्या २०० रुपयांमागचा माणूस : वि. स. पागे

लोअर परळच्या ऑफिसात काम करा नाहीतर गिरगावच्या बँकेत, पगाराच्या स्लिपवर एक ओळ हमखास दिसते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली का आला, हे शोधायला गेलं की एक नाव सापडतं, वि. स. पागे.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१०चा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. शिक्षणाने वकील, विचाराने गांधीवादी आणि संतसाहित्याचे अभ्यासक. १९६० ते १९७८ अशी सलग १८ वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. तेव्हा विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हतं, तर रीगल सिनेमाजवळच्या जुन्या इमारतीत भरायचं. आज तिथं पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे.

मुंबईत खुर्ची असली तरी पागेंचं लक्ष गावाकडच्या शेतमजुराकडे होतं. पेरणी-कापणी संपली की त्याच्या हाताला काम नसायचं आणि चूल बंद पडायची. पागेंचं म्हणणं साधं होतं. अशा माणसाला दया नको, काम मागायचा हक्क हवा.

१९६५ साली तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, रोजगार हमी योजना आली. त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर उतरली.

आता प्रश्न होता पैशांचा. तोडगा निघाला व्यवसाय कराचा. शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी कर भरायचा, सरकारने तेवढीच रक्कम घालायची आणि त्यातून गावात काम द्यायचं. मुंबईत पगारदार जास्त, म्हणून मोठा वाटाही मुंबईचाच.

१९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना मजुरी सारखी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मजुरी कमी होती, ती उशिरा मिळायची, हजेरीपटावर खोटी नावं चढायची. म्हातारे आणि आजारी लोक या हमीत बसतच नव्हते. आणि १९८२च्या संपानंतर लालबाग-परळमध्ये हजारो गिरणी कामगारांची नोकरी गेली, तेव्हा कर शहरातून जात असला तरी हमी गावापुरतीच होती. मुंबईत राहून त्यांना ती मागता येत नव्हती.

पागे १९९० साली गेले. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

आज चर्चा 'युनिव्हर्सल बेसिक इन्कम'ची आहे. म्हणजे कामाची अट न घालता प्रत्येकाला ठरावीक रक्कम. २०१६-१७च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालातही त्यावर स्वतंत्र प्रकरण होतं. पागेंची हमी त्याहून वेगळी, तिथं पैसे हवे तर घाम गाळावा लागायचा. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. कुणाच्याही घरची चूल बंद पडू नये, ही जबाबदारी कुणाची?

पागेंनी ती सरकारवर टाकली आणि बिलातला वाटा शहराला उचलायला लावला. स्लिपवरची ती ओळ म्हणजे त्याचीच पावती.