महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : परधर्मीयांच्या विद्यापीठात

अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यासाठी आपले आयुष्य वाहिलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रातील ऑक्सफर्डचे पर्व विद्यार्थ्यांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. घरात भागवत धर्माची परंपरा होती, परिस्थिती मात्र बेताची. १८९८ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. पुढे वकिलीचा मार्ग सोडून त्यांनी प्रार्थना समाजाच्या धर्मकार्याला वाहून घेण्याचे ठरविले. अशा तरुणाला इंग्लंडमधील युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली. प्रवासखर्चासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य लाभले आणि सप्टेंबर १९०१ मध्ये ते विलायतेस निघाले.

ऑक्सफर्ड ही मूळची चर्चची नगरी. १८५४ पर्यंत इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या ३९ धर्मकलमांना संमती दिल्यावाचून तेथील विद्यापीठात नावसुद्धा नोंदविता येत नसे. ख्रिस्ती असूनही वेगळ्या पंथाचे असलेले लोक त्यामुळे बाहेर राहत. अशा वगळलेल्यांनीच १७८६ मध्ये मँचेस्टर महाविद्यालय स्थापन केले. विद्यार्थ्यावर वा शिक्षकावर कोणत्याही मताची सक्ती नाही, हे त्याचे ब्रीद होते. १८८९ मध्ये हे महाविद्यालय ऑक्सफर्डला आले. ते विद्यापीठाचा घटक नव्हते. त्यामुळे तेथील अध्ययनाने विद्यापीठाची पदवी मिळत नसे. पदवीसाठी नव्हे, ज्ञानासाठी शिंदे तेथे राहिले.

ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणांच्या पंक्तीला बसून त्यांनी दोन वर्षे अध्ययन केले. तेथे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर हे तौलनिक धर्माभ्यासाचे आचार्य होते. ते पाली भाषेचे जाणकार होते आणि दीघनिकायाच्या संपादनात ऱ्हिस डेव्हिड्स यांचे सहकारी होते. बुद्धवचनांचा इतक्या आदराने अभ्यास करणारा ख्रिस्ती आचार्य एका भारतीय विद्यार्थ्याला लाभला, ही घटना आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

परधर्मीयांच्या अन्नावर व धनावर शिकताना आपला विचार स्वतंत्र ठेवणे सोपे नसते. उपकाराचे ओझे माणसाला वाकविते, तर दुराग्रह त्याला काही शिकू देत नाही. शिंदे यांनी दोन्ही टाळले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि ख्रिस्ती समाजातील सेवावृत्ती पाहण्यास त्यांनी डोळेही मिटले नाहीत. परतण्यापूर्वी १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील उदार धर्मपरिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी निबंध वाचला.

स्वदेशी आल्यावर त्या विद्येचे सोने झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. मिशनने अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा व वसतिगृहे चालविली. या कामात भगिनी जनाक्का त्यांच्यासोबत होत्या. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यताविरोधी ठराव संमत होण्यामागेही त्यांचे परिश्रम होते. राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गंभीर मतभेद झाले. ते झाकण्याचे कारण नाही. दलितांच्या हक्कांचा निर्णय कोणी करावा, हा त्या मतभेदामागचा प्रश्न होता आणि आपल्या समाजाने त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली स्वतः दिले. तरीही शिंदे यांच्या सेवेचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

बौद्ध धर्माविषयीची त्यांची ओढ शेवटपर्यंत टिकली. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशाच्या यात्रेला गेले. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या घरांतून, श्रद्धांतून मुले येतात. येथून बाहेर पडल्यावर तीच मुले इतरांच्या संस्थांत शिकावयास जातात. दुसऱ्याच्या घरी आदराने शिकावे, सत्य तेथेच पारखून घ्यावे आणि मिळालेली विद्या आपल्यातील सर्वांत वंचित माणसाच्या दारी न्यावी, हाच या चरित्राचा बोध होय.