भुलेच्या शोधाची किंमत

आधुनिक शल्यचिकित्सेचा पाया घालणाऱ्यांत विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. न्यूयॉर्कच्या सधन घराण्यात १८५२ साली जन्मलेला हा शल्यविशारद वयाच्या तिशीतच निष्णात म्हणून गाजू लागला होता. मात्र १८८४ या वर्षाने त्यांच्या आयुष्याला विलक्षण कलाटणी दिली.

कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकल्यास डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी त्या वर्षी दाखवून दिले. हॅल्स्टेड यांनी त्यापुढचा विचार केला. मज्जातंतूजवळ कोकेन टोचले, तर त्या मज्जातंतूच्या अखत्यारीतील सारा भाग बधिर होईल आणि रुग्णाला बेशुद्ध करण्याची गरजच उरणार नाही, असा त्यांचा कयास होता. तो खरा ठरला. पण हे प्रयोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच शरीरावर केले होते. कोकेनची विळखा घालण्याची ताकद तेव्हा पुरती उमगलेली नव्हती. सहकाऱ्यांपैकी काहींची आयुष्ये त्यात उद्ध्वस्त झाली. १८८५ साली हॅल्स्टेड यांनी लिहिलेला शोधलेख इतका विस्कळीत होता, की त्यातूनच त्यांची अवस्था उघड व्हावी.

१८८६ मध्ये ते प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाले. कोकेनची ओढ कमी झाली खरी, पण तिची जागा मॉर्फीनने घेतली. या पडत्या काळात विल्यम वेल्च या मित्राने त्यांना बाल्टिमोरला नेले. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी शल्यविभाग उभारला, तरुण शल्यचिकित्सकांना टप्प्याटप्प्याने घडविणारी निवासी प्रशिक्षणपद्धती रुजविली आणि शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आणले. जंतुनाशक द्रावणाने कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात सोलवटत, म्हणून हे मोजे बनवून घेतले गेले. १८९० मध्ये त्याच त्यांच्या पत्नी झाल्या.

सात सप्टेंबर १९२२ रोजी हॅल्स्टेड यांचे निधन झाले. मॉर्फीन सुटले नसल्याचे त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांना ठाऊक होते. पण त्यांची गोपनीय नोंद १९६९ मध्येच प्रकाशात आली. आज दात काढण्यापूर्वी जबडा बधिर करणारे इंजेक्शन घेतल्यावर रुग्णाला वेदना जाणवत नाहीत. त्या सुखामागे एका प्रतिभावंताने जन्मभर गुप्तपणे सोसलेली यातना उभी आहे.