खिडकी न उघडता पृथ्वी फिरताना दाखवणारा माणूस: लेआँ फूको आणि तुमच्या कंट्रोलरमधला जायरो

विमानाचा सिम्युलेटर किंवा ट्रकचा गेम खेळताना डावीकडे बघायचं असेल तर माऊस ओढावा लागतो. त्याऐवजी खरीच मान थोडी वळवली आणि स्क्रीनवरचं दृश्य वळलं तर? याला हेड ट्रॅकिंग म्हणतात. मान जराशी वळते, गेम ती कितीतरी पट वाढवून दाखवतो.

हे करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे वेबकॅम. तो समोरून तुमचा चेहरा बघतो आणि मान किती वळली याचा अंदाज बांधतो. पण खोलीत उजेड हवा, चेहरा फ्रेममध्ये हवा, आणि मान जास्त वळली की चेहराच दिसेनासा होतो. दुसरा मार्ग म्हणजे गेम कंट्रोलर. निन्टेंडो स्विचचा जॉयकॉन साधारण ५० ग्रॅमचा असतो. मी तो टोपीच्या कडेला वेल्क्रोने बसवते आणि ब्लूटूथने लॅपटॉपला जोडते. लाइट बंद केला तरी चालतं, कारण कंट्रोलर काही बघतच नाही. तो टोपीवर बसून, जगाकडे पाठ फिरवून, आपण किती वळलो ते सांगतो.

बाहेर न बघता आपण वळतोय हे कसं कळणार? हा प्रश्न साधा वाटतो, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो मोठा होता. तो सोडवला पॅरिसच्या लेआँ फूकोने. त्याच्याकडे भौतिकशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं.

शाळेत मागे, हाताने पुढे

फूकोचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ चा, पॅरिसमधला. वडील पुस्तकांचे प्रकाशक. ते लवकर गेले आणि आईने त्याला वाढवलं. तब्येत नाजूक, शाळेत फारसा चमकला नाही, म्हणून बरंचसं शिक्षण घरीच शिकवणीवर झालं. पण हातात कला होती. लहानपणी त्याने छोटं वाफेचं इंजिन आणि तारयंत्र बनवलं होतं.

असे नाजूक, कुशल हात सर्जनला उपयोगी पडतील म्हणून तो वैद्यकीय शिक्षणाला लागला. अडचण एकच: त्याला रक्त बघवत नसे. शिक्षण सुटलं. पण तिथल्या आल्फ्रेद दोने या प्राध्यापकांनी त्याला सोडलं नाही. दोने सूक्ष्मदर्शकावर शिकवत आणि फूको त्यांचा सहायक झाला. तेव्हा फोटोग्राफी नवीकोरी होती. फूकोने सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रक्तपेशींचे फोटो काढले. ज्याला रक्त सहन होत नव्हतं, त्याने रक्ताचे फोटो काढले!

पुढे इपॉलित फिझो या मित्राबरोबर त्याने २ एप्रिल १८४५ ला सूर्याचा फोटो घेतला. त्यात सूर्यावरचे डाग दिसतात. त्याच वर्षी तो एका मोठ्या वृत्तपत्रासाठी विज्ञानावर लिहू लागला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत काय चाललंय, हे तो सामान्य वाचकाला समजावून सांगायचा. म्हणजे आज आम्ही या साइटवर जे करतो, साधारण तेच.

१८५० मध्ये त्याने फिरत्या आरशाच्या मदतीने दाखवलं की प्रकाश हवेपेक्षा पाण्यात हळू चालतो. फिझोशी तोवर बिनसलं होतं. दोघे स्वतंत्रपणे त्याच प्रयोगामागे होते आणि फूको काही आठवड्यांनी पुढे निघाला. तरीही अकादमीच्या लेखी तो बाहेरचाच: पदवी वैद्यकाची आणि तीही अर्धवट, गणित कच्चं, धंदा पत्रकारितेचा.

लेथवरची काडी

आता आपल्या विषयाचा गाभा. फूको एकदा लेथ मशीनवर काम करत होता. लेथच्या पकडीत एक लांब, बारीक पोलादी काडी अडकवलेली होती. तिचं टोक हाताने छेडलं की ती वर-खाली थरथरायची. मग त्याने पकड हळूहळू फिरवली. काडीही फिरली, पण थरथर वर-खालीच राहिली. काडीने आपली कंपनाची दिशा सोडली नाही.

आपण सगळ्यांनी पट्टी टेबलाच्या कडेला दाबून छेडलेली आहे. फूकोने त्यातून वेगळा विचार केला: ही काडी लेथवर फिरली तरी दिशा सोडत नाही, तर पृथ्वीला टांगलेला लोलक पृथ्वी फिरल्यावर का सोडेल?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे तेव्हा सगळ्या शिकलेल्या लोकांना माहीत होतं. पण त्याचे पुरावे आकाशातून मिळत: तारे, सूर्य, गणित. जमिनीवर, चार भिंतींच्या आत उभं राहून ते दाखवणं जमलं नव्हतं. प्वासाँसारख्या मोठ्या गणितज्ञाने तर लोलकावर होणारा परिणाम दिसणार नाही इतका छोटा असेल, असा हिशोब केला होता.

जानेवारी १८५१ मध्ये फूकोने घराच्या तळघरात २ मीटरच्या तारेला ५ किलोचा गोळा टांगला. पहिल्या प्रयत्नात तार तुटली. काही दिवसांनी, रात्री उशिरा, त्याला हवं ते दिसलं: झोक्याची रेघ हळूहळू वळत होती. खरं तर रेघ तिथेच होती, वळत होतं ते तळघर.

फेब्रुवारीत हा प्रयोग पॅरिसच्या वेधशाळेत झाला आणि मार्चमध्ये पाँतेआँ या प्रचंड घुमटाच्या इमारतीत. तिथे ६७ मीटर तार, २८ किलोचा गोळा आणि खाली वाळूची छोटी वळई. प्रत्येक झोक्याला गोळ्याची टोकदार सुई वाळूत नवी खूण करायची, आधीच्या खुणेच्या शेजारी. बघायला गर्दी लोटली. पॅरिसमध्ये लोलकाची रेघ तासाला सुमारे ११ अंश वळते. विषुववृत्ताच्या जवळ यावं तसा हा वेग कमी होतो. मुंबईत तो तासाला ५ अंशांच्या आसपास भरेल. हा नियमही फूकोनेच मांडला. अकादमीतल्या गणितज्ञांनी सिद्धता नंतर लिहिल्या.

भोवऱ्याला नाव मिळालं

जागा बदलली की लोलकाचा वेग बदलतो, हे लोकांना पटकन समजत नसे. फूकोला त्याहून सरळ पुरावा हवा होता. १८५२ मध्ये त्याने एक जड चकती एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये अशी अडकवली की तिचा आस कुठेही वळायला मोकळा राहील. अशा प्रकारचं यंत्र जर्मनीत बोनेनबर्गरने १८१७ मध्येच वर्णिलं होतं. पण पृथ्वीचं फिरणं मोजण्यासाठी ते फूकोने वापरलं आणि त्याला नावही दिलं: जायरोस्कोप. ग्रीकमध्ये जायरोस म्हणजे फिरणं, स्कोप म्हणजे बघणं. फिरणं बघणारं यंत्र.

ते बनवलं फ्रोमाँ या कारागिराने, आणि कमाल त्याचीही होती. चकती सेकंदाला दीडशे-दोनशे फेरे घ्यायची. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. घर्षणाने चकती मंदावण्याआधी फूकोच्या हातात जेमतेम ८-१० मिनिटं असत. म्हणजे बघायला मिळणार २ अंश. म्हणून तो सूक्ष्मदर्शक लावून बघायचा.

टोपीवरच्या जॉयकॉनमध्ये काय आहे

आपल्या कंट्रोलरमध्ये चकती नाही. तिथे आहे लेथवरची काडी, सिलिकॉनची आणि सूक्ष्म. चिपमधला एक बारीक तुकडा विजेने सतत थरथरता ठेवलेला असतो. चिप वळली की तुकडा जुन्या दिशेनेच हलायला बघतो, त्यामुळे तो बाजूला ढकलल्यासारखा सरकतो. हे सरकणं विजेच्या बदलातून मोजलं की वळण्याचा वेग मिळतो: सेकंदाला किती अंश. २०१० च्या आयफोन ४ पासून अशी चिप स्मार्टफोनमध्ये आली. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक ४ मध्ये ती आहे, जॉयकॉनमध्ये आहे. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही, म्हणून या कामासाठी तो घेऊ नका.

इथे एक मेख आहे. चिप कोन सांगत नाही, वेग सांगते. सॉफ्टवेअर तो वेग क्षणाक्षणाला बेरजेत टाकून कोन काढतं. समजा, चिप स्थिर असतानाही सेकंदाला ०.०५ अंश वळतेय असं सांगते. मिनिटात ३ अंश झाले, १० मिनिटांत ३०. तुम्ही सरळ बसलाय आणि विमानाचा पायलट खिडकीबाहेर बघतोय! याला ड्रिफ्ट म्हणतात.

मान वर-खाली किंवा खांद्याकडे झुकण्यातला ड्रिफ्ट सावरता येतो, कारण चिपच्या जोडीला असलेल्या ॲक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे आहे ते कळतं. डावी-उजवीकडे मात्र असा आधार नाही. म्हणून ओपनट्रॅकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सेंटर करायचं बटण सोयीच्या जागी ठेवायचं आणि मधूनमधून दाबायचं. चकती मंदावण्याआधी मोजमाप उरकायचं, हा फूकोचा उपाय. चूक साचण्याआधी शून्यावर यायचं, हा आपला.

वेबकॅमला ड्रिफ्ट नाही, कारण तो प्रत्येक फ्रेमला चेहरा नव्याने बघतो. तुम्ही पुढे झुकलात हेही त्याला कळतं. जायरोला फक्त वळणं कळतं. त्यामुळे कॉकपिटमधली बटणं झुकून वाचायची असतील तर वेबकॅम, अंधारात झटपट मान वळवायची असेल तर कंट्रोलर.

दार उघडलं, पण उशिरा

१८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने फूकोला कॉप्ली पदक दिलं. त्याच वर्षी पॅरिसच्या वेधशाळेत त्याला नोकरी मिळाली. तिथे त्याने काचेवर चांदीचा पातळ थर दिलेले दुर्बिणीचे आरसे बनवले आणि ते तपासायची इतकी सोपी युक्ती काढली की घरी आरसा घासणारे हौशी लोक आजही तीच वापरतात. १८६२ मध्ये त्याने प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९८,००० किलोमीटर काढला. आजच्या आकड्यापेक्षा हे एक टक्क्यानेही कमी नाही.

अकादमीने त्याला सदस्य केलं ते १८६५ मध्ये, लोलकानंतर १४ वर्षांनी. दोनच वर्षांत आजाराने गाठलं. आधी हात बधिर झाला, मग बोलणं आणि दिसणं हळूहळू गेलं. ११ फेब्रुवारी १८६८ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे.

फोनमध्ये फायफॉक्स हे मोफत ॲप टाका, जायरोस्कोप उघडा आणि फोन टेबलावर ठेवून द्या. आकडे शून्याच्या आसपास नाचत राहतील. पृथ्वीचं फिरणं त्यात कुठेतरी आहेच, सेकंदाला ०.००४ अंश, पण चिपच्या स्वतःच्या गोंगाटात ते बुडून जातं. आपल्या खिशातला जायरो मान वळलेली लगेच सांगतो. पृथ्वी वळलेली दिसायला मात्र अजूनही फूकोची तार, गोळा आणि चिकाटी बरी पडते.