सक्तीच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते राजर्षी शाहू महाराज

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. १८९४ साली त्यांनी शाहू छत्रपती म्हणून राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारातील वरिष्ठ पदे बहुतांशी एकाच जातीच्या हाती होती. १९०२ साली त्यांनी रिक्त होणाऱ्या निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. परंतु शिकलेला उमेदवारच नसेल तर त्या जागा भरणार कोण? म्हणून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही झाले.

गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात फेटाळले गेले होते. सरकारला खर्चाची धास्ती होती, तर जमीनदारांना मजूर दुरावण्याची. बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १९०६ साली ही सक्ती लागू केली होती. महाराजांनीही १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. ४ मार्च १९१८ रोजी चिखली गावी पहिली शाळा उघडली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. अक्षरज्ञान वाटून घेणे म्हणजे सत्ता वाटून घेणे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या परिसरातील एखादे मूल आजही शाळेबाहेर असेल, तर त्याचा हात धरणे हेच त्यांना आपले खरे अभिवादन ठरेल.