वासुदेव नावाचा वारसा

आज मार्गशीर्ष पौर्णिमा, श्रीदत्तजयंती. सायंकाळी घरोघरी करुणात्रिपदी म्हटली जाईल, तेव्हा तिचे कर्ते प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी यांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून थोडे आत, कुडाळ तालुक्यातील माणगावी 1854 साली श्रावण वद्य पंचमीस गणेशभट्ट व रमाबाई या दांपत्यापोटी त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले वासुदेव. आजोबा हरिभट्ट यांच्याजवळ अध्ययन आरंभून लहान वयातच त्यांनी वेदविद्येत प्रावीण्य संपादन केले. पुढे नरसोबाच्या वाडीस दत्तसेवेचा लाभ घेऊन ते परतले आणि 1883 साली माणगावी दत्तमंदिर उभे राहिले. परंतु वैभव वाढू लागताच शास्त्रीबुवांनी त्या वैभवाकडे पाठ फिरवली. 1889 मध्ये त्यांनी पत्नीसह गाव सोडले. 1891 साली गोदातीरी गंगाखेड येथे पत्नीचे देहावसान झाले आणि चौदाव्या दिवशी त्यांनी संन्यास ग्रहण केला.

त्यानंतर सुमारे तेवीस वर्षे त्यांनी पायी भारतभ्रमण केले. दंड, कमंडलू आणि छाटी एवढाच त्यांचा परिग्रह. द्रव्याला स्पर्श नाही, वाहनाचा आश्रय नाही, स्वतःचा मठ नाही. ब्रह्मावर्त, हरद्वार, तंजावर, पवनी, कुरवपूर अशा ठिकाणी चातुर्मास करीत त्यांनी दत्तपुराण, दत्तमाहात्म्य यांसारखी विपुल ग्रंथरचना केली. 1914 साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे ते समाधिस्थ झाले.

ज्यांनी काहीच जवळ बाळगले नाही, त्यांच्या लिखाणाचे पुढे काय व्हावे? हे कार्य ज्यांनी शिरावर घेतले, ते व्यवसायाने चित्रकार होते. वामन दत्तात्रेय गुळवणी यांचा जन्म 1886 साली कोल्हापूरकडील कुडुत्री येथे झाला. स्वामींचा अनुग्रह त्यांना तरुणपणीच लाभला. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात ते चित्रकला शिकवीत. मुलांच्या हाती रेषेचे वळण देणारे हे शिक्षक घरी मात्र गुरूंच्या अक्षरांचे जतन करीत. स्वामींचे वाङ्मय ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावे यासाठी त्यांनी अपार कष्ट वेचले. लोक त्यांना गुळवणी महाराज म्हणू लागले. तरीही 1965 साली पुण्यात वास्तू उभी राहिली, तेव्हा तिच्यावर स्वतःचे नाव आले नाही. ती झाली श्रीवासुदेव निवास. 1974 साली महाराजांनी देह ठेवला.

एका विद्वान यतीने आपले नाव कोणत्याही वास्तूस लावून घेतले नाही. एका चित्रकाराने आपले नाव बाजूस ठेवून तेच नाव घरावर कोरले. दोघांचे नाव शेवटी एकच झाले. आज श्रीदत्तमूर्तीपुढे निरांजन लावताना माणगावच्या त्या वासुदेवांस आणि त्यांच्या या सेवकासही मनोभावे एक नमस्कार घडावा.