शार्ल ओगुस्तँ द कूलोम

शार्ल ओगुस्तँ द कूलोम (१४ जून, १७३६:अंगुलेम, फ्रान्स - २३ ऑगस्ट, १८०६:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच लष्करी अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युत प्रभारित वस्तूंमधील बलाचा नियम त्यांनी प्रत्यक्ष मोजमापाने प्रस्थापित केला. विद्युत प्रभाराचे एकक 'कूलोम' या नावाने ओळखले जाते. मात्र हे एकक त्यांच्या हयातीत अस्तित्वातच नव्हते.

जीवन

मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १७६४ साली त्यांना वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पाठवण्यात आले. तेथे किल्ल्याच्या बांधकामावर सुमारे आठ वर्षे काम करताना त्यांची प्रकृती कायमची ढासळली. मायदेशी परतल्यावर त्यांनी बांधकामशास्त्र, चुंबकसूची व घर्षण या विषयांवर संशोधन केले. १७८१ साली ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली अकादमी बरखास्त झाली व ते ब्ल्वाजवळील आपल्या घरी राहू लागले. पुढे पॅरिसला परतून त्यांनी अखेरपर्यंत सार्वजनिक शिक्षणाचे निरीक्षक म्हणून काम केले.

पीळ तराजू

बारीक तारेला पीळ दिला असता तिचा विरोध पिळाच्या कोनाच्या प्रमाणात वाढतो, हे त्यांनी १७८४ साली दाखवले. याच तत्त्वावर त्यांनी अतिसूक्ष्म बल मोजणारा तराजू तयार केला. १७८५ साली अकादमीपुढे मांडलेल्या प्रयोगात दोन सारख्या गोळ्यांना एकाच वेळी प्रभारित केले होते. त्या परस्परांपासून ३६ अंश दूर गेल्या. तारेला आणखी पीळ देऊन हे अंतर १८ अंशांवर आणले, तेव्हा एकूण पीळ १४४ अंश भरला. अंतर निम्मे होताच बल चौपट झाले होते. म्हणजेच बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रभार किती आहे हे सांगणारे एकक नसतानाही, गोळ्यांवरील प्रभार तोच ठेवून केवळ अंतर बदलल्यामुळे हा निष्कर्ष काढता आला.

प्रभाराचे एकक

या नियमावरूनच पुढे प्रभाराचे एकक ठरवता आले. निर्वातात १ सेंटिमीटर अंतरावरील दोन समान प्रभार परस्परांना १ डाइन बलाने दूर लोटत असतील, तर त्यातील प्रत्येक प्रभार १ स्टॅटकूलोम होय. व्यवहारासाठी मात्र १८८१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने 'कूलोम' हे एकक स्वीकारले. १ अँपिअर विद्युतधारा १ सेकंद वाहिली असता १ कूलोम प्रभार वाहून जातो. २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य निश्चित करून कूलोमची व्याख्या केली जाते. त्यानुसार १ कूलोम म्हणजे सुमारे ६.२४ × १० चा १८ वा घात इतक्या इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराएवढे परिमाण होय.

एककांचे रूपांतर

- १ कूलोम = १० लाख मायक्रोकूलोम
- १ कूलोम = सुमारे ३०० कोटी स्टॅटकूलोम
- १ अँपिअर-तास = ३६०० कूलोम
- १ मिलिअँपिअर-तास = ३.६ कूलोम

एका तासात ३६०० सेकंद असल्याने अँपिअर-तासाला ३६०० ने गुणले असता कूलोम मिळतात. उदाहरणार्थ, ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची मोबाइलची बॅटरी म्हणजे ५ × ३६०० = १८,००० कूलोम. याउलट, घर्षणाने वस्तूंवर येणारा प्रभार इतका अल्प असतो की तो मायक्रोकूलोम किंवा त्याहूनही लहान एककात सांगावा लागतो. एक-एक कूलोमचे दोन प्रभार १ मीटर अंतरावर ठेवले, तर त्यांच्यातील बल सुमारे ९०० कोटी न्यूटन होईल. कूलोम यांच्या तराजूतील गोळ्यांवरचा प्रभार त्यांच्या नावाच्या एककाचा अत्यंत सूक्ष्म अंशच होता.